ऑडिशनला आन्सर की नसते

जेईई देताना तुमचा चेहरा कुणी बघत नाही. आत सोडताना ओळखपत्रावरचा फोटो जुळतो का तेवढं बघतात, आणि त्यानंतर तुम्ही म्हणजे एक नंबर. तुम्ही कुठल्या गावचे, बोलता कसे, घाबरल्यावर तुमचा पाय हलतो का, याच्याशी समोरच्या स्क्रीनला काही घेणंदेणं नसतं. पेपर झाला की आन्सर की लागते. तिच्यातलं एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर पैसे भरून आक्षेप घेता येतो, आणि आक्षेप खरा निघाला तर की बदलते. माझ्या पिढीत इंजिनिअर झालेल्या पोरांची न्यायाची कल्पना बऱ्यापैकी इथून आली आहे. तपासणाऱ्याला आपण कोण ते माहीत नसणं, याला आम्ही न्याय म्हणतो.

आता दुसरी प्रवेशपरीक्षा घ्या. एक हॉल, टेबलामागे तीन-चार माणसं, टेबलासमोर मोकळी जागा. नंबर पुकारला की त्या जागेत जाऊन उभं राहायचं, नाव-गाव सांगायचं आणि पाठ केलेलं एक स्वगत म्हणायचं. इथे तुमचा चेहरा, उंची, आवाज, उच्चार, चालणं, सगळं मिळून उत्तरपत्रिका. की लागत नाही, आक्षेपाची खिडकी उघडत नाही. काही दिवसांनी एक पीडीएफ येते, तिच्यात तुमचा नंबर असतो किंवा नसतो.

हे न्याय्य आहे का, असा प्रश्न मला पडायचं तसं कारण नव्हतं. मी दिवसभर बॅकएंडचं काम करतो आणि नाटकाशी संबंध तिकीट काढण्यापुरता. पण गेल्या वर्षी माझी मावसबहीण तीन आठवडे वाकडला माझ्या फ्लॅटवर राहायला होती. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढलेली, बी.कॉम. झालेली, विद्यापीठाच्या युवक महोत्सवात दोन वर्षं एकांकिका केलेली. तिला नाटकात एम.ए. करायचं होतं. रोज रात्री जेवणं झाली की मी हॉलमधला टीपॉय बाजूला सारून खुर्ची टाकायचो आणि पॅनल व्हायचो.

नाटक रीतसर शिकायचं तर मराठी मुलांपुढे मोजकेच सरकारी रस्ते आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, अशी नावं पटकन संपतात. या सगळ्यांच्या पलीकडे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्यविद्यालय, म्हणजे एनएसडी. १९५९ साली सुरू झालेल्या या संस्थेत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अख्ख्या देशातून ३२ जणांना घेतात. पदवी कुठलीही चालते, पण आधी नाटकांत काम केलेलं असावं लागतं. पहिली फेरी वेगवेगळ्या शहरांत होते. तिच्यातून निवडलेल्यांना दिल्लीला बोलावून काही दिवसांची कार्यशाळा घेतात आणि मग अंतिम यादी लागते. विद्यापीठाच्या विभागांकडे एवढा वेळ नसतो. बहीण जिथे गेली (विभागाचं नाव देत नाही) तिथे सकाळी लेखी पेपर आणि दुपारी ऑडिशन-मुलाखत, दहा-बारा मिनिटांत एक उमेदवार.

तिने निवडलं होतं बेणारेचं स्वगत. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ चं. तेव्हापासून अभिनय करू बघणाऱ्या किती मराठी मुलींनी ते स्वगत म्हटलं असेल, हिशोब नाही. नाटकातली हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळतात, लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात, आणि खेळता खेळता तिचं खरंखुरं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणतात. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला मोजका अवधी देतात. त्या अवधीत ती खरं तर गप्प असते. आपण जे ऐकतो ते तिथल्या इतर कुणालाच ऐकू जात नाही.

ऑडिशनला हेच स्वगत म्हणण्यात एक गंमत आहे. समोर टेबलामागे माणसं, त्यांच्या हातात घड्याळ, आणि जिची भूमिका करायची तिच्याही समोर तेच. मी हे बहिणीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, “दादा, तू लई विचार करतोस. तू फक्त काशीकर हो.”

ऑडिशनहून परत आल्यावर तिने काय झालं ते सांगितलं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तिचं स्वगत निम्म्यावर आलं तेव्हा पॅनलवरच्या एका बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, आता हेच सगळं डबा भरता भरता म्हण. सकाळचे सात वाजलेत, शाळेला उशीर होतोय, भाजी गरम आहे, झाकण लागत नाहीये. तीन आठवडे आम्ही जे घडवलं होतं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, ते एका वाक्यात निकालात निघालं. तिने मग खरोखर हवेत डबा भरला. ती सांगत होती की मधेच तिला त्या न लागणाऱ्या झाकणाचा राग आला, आणि बेणारेचा राग काय असतो ते तिला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

हे ऐकल्यावर मला माझं ऑफिस आठवलं. मी गेली दोन वर्षं आमच्या टीमसाठी इंटरव्ह्यू घेतो. उमेदवाराने प्रश्न सोडवला की मी एक अट बदलतो: समजा आता मेमरी निम्मीच आहे. पाठ करून आलेल्याचा चेहरा त्या क्षणी पडतो. दुसरा एखादा पुढे सरकून बसतो. त्याचं उत्तर अनेकदा अर्धवट राहतं, पण मला जे बघायचं असतं ते मी बघितलेलं असतं. त्या बाईसुद्धा तेच बघत असाव्यात. या मुलीत सांगितलेलं आत जातं का? गेल्यावर तिथे काही हलतं का?

असं असेल तर ऑडिशनबद्दलची आपली सगळी तक्रार चुकीच्या पत्त्यावर जाते. आपण धरून चालतो की जागा म्हणजे बक्षीस: ज्याचा अभिनय सगळ्यात चांगला, त्याला ती मिळावी. मग साहजिकच विचारतो की दहा मिनिटांत अभिनय मोजणार कसा? पण सगळ्यात चांगला अभिनय येणाऱ्याला शिकवायचं काय? शिक्षणसंस्थेतली जागा हा पुढच्या दोन-तीन वर्षांवर लावलेला डाव असतो. पॅनल विचारतं की हिच्यावर आमचा वेळ लावला तर काय होईल. एखादा मुलगा अफाट स्वगत म्हणून जातो आणि त्याला घेत नाहीत, कारण तो त्याच्या परीने पूर्ण झालेला असतो. त्याच्या बाजूने हा अन्यायच वाटणार. पण त्याने न्याय मागितला तो बक्षिसाचा, आणि तिथे बक्षीस वाटप चाललेलंच नव्हतं.

आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आधीच आहे. नाटकातली व्यक्तिरेखा म्हणजे पात्र. अर्जाच्या छाननीत टिकलेला उमेदवारही पात्र, आणि न टिकलेला अपात्र. आणि स्वयंपाकघरातलं भांडं, तेही पात्र. बहिणीच्या विभागाच्या पीडीएफवर मथळा होता ‘पात्र उमेदवारांची यादी’, आणि मी बराच वेळ त्या मथळ्याकडे बघत बसलो होतो. जेईई भांड्यात किती भरलंय ते मोजते. ऑडिशनला आत किती मावेल ते बघायचं असतं, आणि त्यासाठी ओतून बघावं लागतं.

आता अडचण अशी, की डाव लावणाऱ्याचा हात कुठे वळतो हे त्याच्या डोळ्यांवर ठरतं. कुणात किती मावेल याचा अंदाज बांधताना माणूस त्याने आधी बघितलेल्या माणसांशी तुलना करतो. माझ्यासमोर कॉलेजातला मी बसला असेल तर मला तो हुशार वाटण्याची शक्यता जास्त. नाटकाच्या पॅनलचं वेगळं का असेल?

बहिणीचं पहिलं वाक्य होतं, मी लीला बेणारेचं स्वगत सादर करते. ते तिच्या तोंडून ‘लीला बेनारे’ असं आलं. पॅनलवरचे एक सर लगेच म्हणाले, “बेणारे. ण. नळातला न नाही, बाणातला ण.” तिने दुरुस्त केलं. पुढे मुलाखतीत भाषेवर काम करावं लागेल असंही ऐकवलं. घरी येऊन ती म्हणाली, “नावातच पकडलं, दादा. पुढचं स्वगत मी बेनारेचं नाही, ‘ण’चं केलं.”

या प्रसंगावर मी मनात दोन्ही बाजूंनी बरंच भांडलो आहे. त्या सरांच्या बाजूने बोलायचं तर, नटाला ‘ण’ यायला हवा. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ऑडिशनला आहार्य नसतं, साध्या कपड्यांत जायचं. सात्त्विकाचं सांगता येत नाही. (घाम हा सात्त्विक भावांत मोजतात, ऑडिशनला तो भरपूर येतो, पण पात्राचा की उमेदवाराचा हे भरतमुनीही सांगू शकले नसते.) राहिलं आंगिक आणि वाचिक. ज्याला आयुष्यभर वाचेवर काम करायचं आहे त्याने जिभेला वळण लावावं, ही अपेक्षा रास्त आहे. बेणारे शाळेत शिकवणारी, शहरातली बाई. ती प्रमाण मराठी बोलणार, आणि ते येत नसेल तर भूमिकाच उभी राहणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, पुण्या-मुंबईच्या मुलांच्या ऑडिशन झाल्या असतील. त्यांच्यातल्या कुणाला विचारलं असेल का, की तू परभणीचा माणूस कर, बघू तुला ती बोली येते का? त्यांना ती येत नसेल तर त्यांच्या कागदावर ‘भाषेवर काम हवं’ असं कुणी लिहिलं असेल का? जिभेचा पल्ला तपासायचा असेल तर तो दोन्ही दिशांनी तपासला पाहिजे. एकाच दिशेने तपासला, तर तिथे बोलीवरून माणसाचं घराणं मोजलं जातंय, त्याला अभिनयाचं नाव देऊ नये. माझी बहीण बेणारे करायला शिकत होती. तिच्यासारखी बाई करायला दुसरं कुणी शिकत होतं का?

मराठी रंगभूमीला बोलींची ताकद माहीत नाही असंही नाही. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ मालवणीत गाजलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्रीत लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करायचे, मराठवाड्याच्या बोलीत, आणि ते स्वतः मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. म्हणजे तिकीट काढून बोली ऐकायला आपल्याला आवडतं. फक्त ती बहुतेक वेळा हसायला लागते. ज्या बोलीत हसवता येतं तिच्यात बेणारेसारखं तुटताही येतं, हे ऑडिशनच्या हॉलमध्ये अजून पोचायचं आहे.

यावर माझ्यासारख्या इंजिनिअरला पहिला उपाय सुचतो तो डोळे बांधण्याचा. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांनी १९७० च्या दशकापासून तो करून बघितला. वादकाला पडद्याआड बसवायचं, परीक्षकांनी फक्त ऐकायचं. चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरत. त्यानंतर तिथल्या ऑर्केस्ट्रांत बायकांची संख्या बरीच वाढली. सगळं श्रेय पडद्याला द्यायचं का यावर वाद आहे, पण कल्पना चांगली आहे. नटाला मात्र ती लागू होत नाही. व्हायोलिन वेगळं काढून ऐकता येतं. नटाचं वाद्य म्हणजे तो स्वतः, आणि ते पडद्याआड ठेवलं तर बघायला काही उरत नाही.

दुसरा उपाय रकान्यांचा. आमच्या कंपनीत प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर फॉर्म भरावा लागतो: अमुक कौशल्य, १ ते ४ गुण, प्रत्येक गुणामागे कारण. हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात मत आधी बनतं आणि रकाने त्या मताला शोभतील असे भरले जातात, हे इंटरव्ह्यू घेणारा कुणीही खासगीत सांगेल. तरी मी त्या फॉर्मच्या बाजूने आहे, ते कारण लिहावं लागतं म्हणून. ‘ठीक वाटला नाही’ एवढं लिहून चालत नाही. काय ठीक वाटलं नाही हे लिहायला गेलं की कधीकधी आपलं आपल्यालाच कळतं, की लिहिण्यासारखं काहीच नाहीये.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा इथेच आहे. जेईईत तुम्हाला कुणी नाकारत नाही. कटऑफ नाकारतो, आणि कटऑफ कुणीच ठरवलेला नसतो, तो ‘लागतो’. पाऊस लागावा तसा. त्यामुळे त्यात कुणाचा दोष नसतो आणि कुणाची जबाबदारीही नसते. कोटा किंवा लातूरच्या क्लासची फी कुणाला परवडली आणि कुणाला नाही, हे त्या आकड्यात कुठे दिसतं? डोळे बांधलेली परीक्षा निर्दोष असते असं नाही, तिचा दोष तिच्या आधीच घडून गेलेला असतो.

ऑडिशनमध्ये तुम्हाला माणूस नाकारतो. त्याला नाव असतं, तो टेबलामागे बसलेला तुम्ही बघितलेला असतो. २०२२ साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी ठरवलं की त्या वर्षी करंडक कुणालाच द्यायचा नाही, त्या योग्यतेची एकांकिका झाली नाही. १९६३ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेतल्या या निर्णयावर बरीच आरडाओरड झाली. तो निर्णय बरोबर होता का, हे मी सांगू शकत नाही, मी त्या एकांकिका बघितलेल्या नाहीत. पण असा निर्णय फक्त माणूसच घेऊ शकतो. जेईईत दरवर्षी कुणीतरी पहिला येतोच, मग पेपर कसाही जावो. ‘या वर्षी कुणीच नाही’ म्हणायला कुणीतरी पुढे येऊन ते अंगावर घ्यावं लागतं.

आणि माणूस नाकारत असेल तर तो नाकारल्या जाणाऱ्याचं काही देणं लागतो. कटऑफ कुणाचं काही लागत नाही.

काय देणं लागतो? कारण सांगावं, हे पहिल्यांदा डोक्यात येतं. मला स्वतःला तेच हवं होतं. यादीत तिचा नंबर नव्हता तेव्हा मी तिला म्हटलं, ईमेल करून विचार. ती नको म्हणाली. तिचं म्हणणं असं, की दहा मिनिटं बघून कुणीतरी सांगणार की तुझा आवाज पातळ आहे, आणि मग मी जन्मभर पातळ आवाजाची बाई होऊन बसणार. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. मी यावर फार वाद घातला नाही, कारण ती म्हणते त्यात तथ्य आहे. कोडमधली चूक दाखवली तर ती माझ्या कोडमधली असते. आवाजातली दाखवली तर ती बाथरूममध्ये, फोनवर, आईशी बोलताना, सगळीकडे बरोबर येते. विद्यार्थी म्हणून आत घेतलेल्याला हे सांगता येतं, कारण सांगणारा उद्याही तिथे असतो आणि त्यावर काम करून घेतो. बाहेरच्या बाहेर पाठवताना तेच सांगणं म्हणजे जखम करून पट्टी न देणं.

पण लक्ष देणं तर लागतोच. तिने सांगितलेली दुसरी गोष्ट अशी: “मी बोलायलते तवा त्यातले एक सर मोबाईल बघायलते.” डबा भरायला सांगणाऱ्या बाई आणि मोबाईल बघणारे सर एकाच टेबलामागे बसले होते. त्या बाईंनी तिला न घेण्याच्या बाजूने मत दिलं असेल, तरी तिचं त्यांच्याशी काही भांडण नाही. त्या सरांनी कदाचित घेण्याच्या बाजूने दिलं असेल. तरी त्यांनी तिच्यावर अन्याय केला असं मी म्हणेन. निकाल बरोबर लागणं आणि माणसाला न्याय मिळणं या दोन गोष्टी आम्हा परीक्षा देणाऱ्यांच्या डोक्यात इतक्या एक झाल्यात, की त्या वेगळ्या असू शकतात हे ऑडिशनपर्यंत गेल्याशिवाय दिसत नाही.

नातेवाईकांनी मग तिची समजूत काढली ती नेहमीच्या गोष्टी सांगून. पंकज त्रिपाठीला एनएसडीने दोनदा नाकारलं, तिसऱ्या वेळी घेतलं. मनोज वाजपेयीला तर पुन्हा पुन्हा नाकारलं, आणि आज बघ. या गोष्टी खऱ्या आहेत, पण मला त्या सांगणं आवडत नाही. नाकारले गेलेले आणि पुढे नाव न झालेले हजारो असतील, त्यांच्या मुलाखती कोण घेणार? शिवाय या गोष्टींत गृहीत असं असतं, की पुढे तो मोठा झाला म्हणून पॅनल चुकलं. पुढे मोठा झाला नसता तर पॅनल बरोबर ठरलं असतं का? त्रिपाठी तिसऱ्यांदा गेला तेव्हा तो पहिल्या वेळचाच माणूस होता, हे तरी कशावरून?

वडीलधाऱ्यांचा दुसरा मुद्दा जास्त टोकदार होता. नाटकाची डिग्री हवीच कशाला? मराठीत त्याला तगडे दाखले आहेत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट झाले. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट होते, आणि पुढे १९९६ ते २००९ ललित कला केंद्राचे प्रमुख. आधी पोटापाण्याचं बघा आणि संध्याकाळी नाटक करा, हा आपला मध्यमवर्गीय फॉर्म्युला आहे आणि त्याने मोठी रंगभूमी दिली आहे. माझ्या मावशीचंही म्हणणं तेच: बँकेची परीक्षा दे, मग काय करायचं ते कर.

या फॉर्म्युल्यात एक गोष्ट न बोलता धरलेली असते: संध्याकाळी जायला जागा असते. पुण्यात डॉक्टर दवाखाना बंद करून तालमीला जाऊ शकत होता, कारण तालीम चालू होती. बहिणीच्या गावात बँकेतून सुटल्यावर ती कुठे जाणार? गावात सभागृह आहे, त्यात लग्नं होतात. युवक महोत्सव कॉलेज असेपर्यंत, तेही वर्षातून एकदा. तिच्यासाठी विभागातली जागा म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, दोन वर्षं रोज सकाळी उठून हेच करायची परवानगी, हॉस्टेलची खोली आणि घरी सांगायला एक नाव. ज्या मुलाला घरापासून पंधरा मिनिटांवर तीन ग्रुप मिळू शकतात त्याला ती जागा मिळाली तर चांगलंच. पण त्याच्या आणि तिच्या आयुष्यात त्या जागेने पडणारा फरक सारखा नाही. पैसा सरकारचा असताना डाव कुणावर लावायचा, हे ठरवताना हा फरक मोजावा का? मला वाटतं, मोजावा. कलेच्या निकषांत गरज कशाला आणता, असं कुणी म्हणेल. त्याला माझं एवढंच म्हणणं, की जागा जर पुढच्या शक्यतेवर द्यायची असेल, तर या माणसाला ही जागा नाही मिळाली तर त्याची शक्यता कुठे जाईल, हाही त्याच हिशोबाचा भाग आहे. त्या मुलाची शक्यता दुसऱ्या दाराने आत येईल. तिची परभणीला परत जाईल.

ती परत गेली आहे सध्या. सकाळी एका सीएकडे काम करते आणि संध्याकाळी शाळेतल्या मुलांचं नाटक बसवते. या वर्षी पुन्हा फॉर्म भरलाय, दोन ठिकाणी. स्वगत बदलणार असं मला वाटलं होतं, पण बेणारेच करणार म्हणाली. रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही तालीम करतो. ती फोन ओट्यावर टेकवून ठेवते आणि खरोखर डबा भरते, दुसऱ्या दिवशीचा. ‘ण’ आता कुठेही चुकत नाही. शब्द तेंडुलकरांचेच, एकही बदललेला नाही, पण चाल तिच्या घरची आहे, वाक्याचा शेवट तिकडे उचलतात तसा उचललेला. पॅनलला हे चालेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “ते मी बघते. तू घड्याळ लाव.”